दहापैकी दोन

सकाळी नऊच्या ठोक्याला फॉर्मबाई कपाट उघडायची, कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा चिमट्याच्या पाटीला लावायची आणि पहिल्या खाटेपासून फिरायला निघायची. हे तिचं काम. औषध देणं नाही, जखमा धुणं नाही, नुसतं विचारायचं आणि लिहायचं. ती नर्स नव्हती आणि धड कारकूनही नव्हती. पगारपत्रकावर तिच्या हुद्द्याचं लांबलचक नाव होतं, ते तिला स्वतःलाही पाठ नव्हतं. पेशंट तिला फॉर्मबाई म्हणायचे, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे.

वॉर्ड हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत होता. बारा खाटा, आणि कॉरिडॉरच्या शेवटाला एक वेगळी खोली. इथे येणाऱ्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलेलं असायचं. बरं करायचं ते फक्त दुखणं, आणि त्यासाठीच तो फॉर्म होता. एका पानावर नऊ ओळी : दुखणं, थकवा, मळमळ, गुंगी, भूक, धाप, उदासी, धास्ती, आणि एकंदर कसं वाटतंय. प्रत्येक ओळीपुढे शून्य ते दहा आकडे. काहीच त्रास नाही तर शून्य, याहून वाईट असूच शकत नाही तर दहा. पेशंटने आपल्या मनाने आकड्याभोवती गोल करायचा. हात चालत नसेल तर सांगायचं, गोल फॉर्मबाई करणार. खाली एक मोकळी जागा, 'इतर काही त्रास'. पानाच्या पाठीमागे माणसाची नुसती आकृती, नाक-डोळे नसलेली. दुखतं तिथे फुली मारायची. शून्याच्या डोक्यावर हसरा चेहरा आणि दहाच्या डोक्यावर रडका. तो हसरा चेहरा ज्याने कुणी काढला त्याला एकदा आणून या वॉर्डात दिवसभर बसवला पाहिजे, असं फॉर्मबाईला रोज वाटायचं.

अकराला डॉक्टर यायचे. तीन हॉस्पिटलं एकट्याने सांभाळणारा माणूस, इथल्या वाट्याला जेमतेम एक तास. ते टेबलाशी बसून सगळे फॉर्म पत्त्यांसारखे हातात धरायचे आणि त्यावरून मॉर्फिनचा डोस ठरवायचे. दुखण्यापुढे आठ दिसला की डोस वाढला, दोन दिसला की आहे तो पुरे. पद्धत वाईट नव्हती. फक्त तो सगळा डोलारा फॉर्मबाईने खरोखर विचारलं असेल या भरवशावर उभा होता.

बारा खाटांना ती खरोखर विचारायची. शेजारी बसायची, थट्टा करायची, चिडलेल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या खायची. प्रश्न होता तो टोकाच्या खोलीचा.

त्या खोलीत एक बाई आली होती. शाळेचे गणवेश शिवायची म्हणे, जन्मभर. मागेपुढे कुणी नव्हतं. कॅन्सर गालाचा, आणि तो गाल आतून बाहेरपर्यंत खाऊन मोकळा झाला होता. डाव्या बाजूला तोंड बंद असतानाही दाढा दिसायच्या. भोकाच्या कडा फुलकोबीसारख्या फुगलेल्या, ओल्या, आणि त्यांतून सतत काहीतरी झिरपत मानेवर यायचं. नर्स दिवसातून चारदा पट्टी बदलायची, ती तासाभरात पिवळी व्हायची. आणि वास... महिनाभर न बदललेल्या फुलदाणीच्या पाण्यात कुणी मांस बुडवून ठेवलं तर येईल तसला. पण एवढं सांगूनही तो कळत नाही. तो वास गोड होता. किळस यायची ती त्या गोडपणाची.

बाईला बोलता येत नव्हतं. पहिल्या दिवशी फॉर्मबाई रीतसर खाटेशी बसली आणि विचारलं, "दुखणं किती? दहापैकी?" बाईने चादरीतून हात काढून एकेक बोट उघडायला सुरुवात केली. फार सावकाश. एक, दोन, तीन... सांगता यावं म्हणून ती पुढे झुकली, आणि तिच्या गालातून लाळेची एक लांब तार सुटून थेट फॉर्मवर पडली, फॉर्मबाईच्या अंगठ्याला लागून. फॉर्मबाई उठली ती सरळ बाथरूममध्ये. पोटातलं सगळं बाहेर आलं. अंगठा तिने सहा वेळा साबणाने धुतला आणि तरी त्या हाताने दोन दिवस जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दारातूनच विचारायला लागली. चौथ्या दिवसापासून दारापर्यंतही जाईना. चहाच्या टेबलावर, बिस्कीट चावता चावता, ती त्या बाईचा फॉर्म भरून टाकायची. दुखणं दोन, थकवा चार, मळमळ एक, मागे गालावर एक बारीक फुली. दोन हा मोठा सोयीचा आकडा होता. शून्य लिहिलं तर डॉक्टर चमकणार, पाच लिहिलं तर काहीतरी विचारणार. दोनकडे कुणी ढुंकून बघत नाही.

"डॉक्टर, टोकाच्या बाईंना फार त्रास होतोय," रात्रपाळीची नर्स एकदा घरी जायच्या आधी थांबून म्हणाली. "रात्रभर तळमळतात."

डॉक्टरांनी फॉर्म चाळले. "इथे तर ओळीने दोन-दोन आहेत." मग चष्म्यावरून फॉर्मबाईकडे पाहिलं. "तुम्ही स्वतः विचारता ना, बाई?"

"हो. रोज."

इतकं सहज आलं ते तोंडातून, की तिला स्वतःलाच खरं वाटलं.

बाराव्या सकाळी बाई गेली होती. नर्सचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईने उशी दातांनी फाडली होती, ओरडायला आवाज नव्हता म्हणून. घशापर्यंत कापूस भरलेला होता, आणि गालाच्या भोकातून तो बाहेर लोंबत होता, पिवळा झालेला. फॉर्मबाईने हे सगळं ऐकलं, हुं हुं केलं, आणि पहिल्या खाटेपासून फिरायला निघाली. मनात तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटले. या गोष्टीची तिला पुढे जी किळस आली तिच्यापुढे त्या गालाची काहीच नाही.

खोली धुतली. गादी जाळली. भिंतींना रंग दिला. वास काही गेला नाही, म्हणून खोलीला कुलूप लागलं.

तीन आठवड्यांनी फॉर्मबाईची ताई त्याच वॉर्डात दाखल झाली.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, आणि तशी पाहिली तर आईच. आई गेली तेव्हा फॉर्मबाई सात वर्षांची होती आणि ताई एकोणीसची. ताईने टेलिफोन ऑफिसात नोकरी धरली, स्वतःचं लग्न आज-उद्या करत कायमचं बाजूला ठेवलं, आणि धाकटीला मोठी केली. धाकटी रात्री दचकून उठली की ताई तिला पोटाशी घेऊन झोपायची. आता ताईच्या पोटातला रोग मणक्यात उतरला होता. कूस बदलायची म्हटली तरी तिचे डोळे पांढरे व्हायचे. बाकी बाई हसरीच. कुणाला त्रास द्यायचा नाही, कुणाचं मन दुखवायचं नाही, हे तिचं जन्माचं वेड. फॉर्मबाईला आता एवढंच हवं होतं : ताईने जावं ते न दुखता जावं. तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

पहिल्या सकाळी ती ताईच्या खाटेवर बसली. "हं, सांग बघू. लाजायचं नाही. दुखणं?"

"सहा लिही."

"ताई!"

"बरं, नऊ." ताई ओशाळून हसली. "तुझ्या डॉक्टरांना वाटेल, काय रडूबाई आहे."

फॉर्मबाईने नऊला गोल केला. तिचे गोल वरच्या बाजूला कधी जुळायचे नाहीत, थोडी फट राहायची. तसाच हा गोल.

अकराला डॉक्टर फॉर्म बघता बघता म्हणाले, "अरे वा, तुमच्या ताईंचं छान चाललंय. आहे तोच डोस राहू दे."

"छान? नऊ आहे ना, डॉक्टर?"

त्यांनी फॉर्म तिच्यापुढे धरला. दुखण्यापुढे दोनला गोल होता. तिचाच गोल, वर फट असलेला. थकवा चार. मळमळ एक. नऊच्या आजूबाजूला खोडल्याची खूणसुद्धा नाही.

"माझी... माझी चूक झाली असेल," ती म्हणाली. "नऊ म्हणाली ती."

"चूक?" डॉक्टर थकलेलं हसले. "बाई, तुम्हाला मी सांगायला नको. घरची माणसं नेहमी वाढवूनच सांगतात, त्यांना बघवत नाही म्हणून. पेशंटने दिलेला आकडा खरा. उद्या बघू."

त्या दिवशी ताईने दुपारभर ओठ चावले. संध्याकाळी ओठातून रक्त आलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्मबाईने पेन ताईच्याच हातात दिलं. ताईने नऊला वेडावाकडा गोल केला. फॉर्मबाई तो कागद छातीशी धरून डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली, अकरा वाजेपर्यंत हलली नाही. डॉक्टर आले. तिने कागद पुढे केला, आणि देता देताच तिच्या नाकाला तो वास जाणवला. अगदी हलका. गोड.

दोन. थकवा चार. मळमळ एक. गोल ताईच्या हातचा, वेडावाकडा. डॉक्टरांनी सवयीने पान उलटलं. "गालावर फुली का मारलीये? गाल दुखतो का त्यांचा?"

फॉर्मबाईने टेबलाची कड धरली. पुढचं जे सुचलं ते ती बोलली. "डॉक्टर, तुम्ही स्वतः या. तिच्या तोंडून ऐका. एक मिनिट फक्त."

डॉक्टर आले, माणूस वाईट नव्हताच. खाटेशी वाकून त्यांनी विचारलं, "काय ताई, दुखणं किती आहे? दहापैकी?"

ताईने तोंड उघडलं. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, बोटं चादरीत रुतली. ओठ थरथरले, आणि त्यांतून एक आवाज आला. जाड, ओलसर, तोंडात काहीतरी भरलेलं असताना यावा तसा.

"दोन."

"छान." डॉक्टरांनी तिच्या हातावर थोपटलं. "उद्या येतोय, मग दोन दिवस मी नाही. तोवर हेच चालू ठेवा."

ते गेले. मग ताई छताकडे बघत पुटपुटली, "छोटे... मी दहा म्हणत होते गं."

"ताई..."

"दहा म्हणायला गेले, तर तोंडात कापूस कोंबल्यासारखं झालं. इथपर्यंत..." तिने गळ्याला हात लावला. "आणि कसला वास गं तो? कुजकट... माझाच का?"

कापसाचं फॉर्मबाई तिला कधी बोलली नव्हती. वॉर्डातही त्या विषयावर कुणी बोलत नसे. ती खाटेवरून उठली आणि "नाही गं, तुझा नाही," एवढंच म्हणाली. रात्रभर तिने ताईची पाठ चोळली. चोळून काय होणार होतं? पहाटेपर्यंत ताई उशीत तोंड खुपसून कण्हत होती, आणि एकदा फॉर्मबाईला उशीचं टोक तिच्या दातांत दिसलं तेव्हा तिने ते ओढून काढलं आणि ढसाढसा रडली.

सकाळी नऊला तिने कपाट उघडलं. बाराच्या जागी तेरा फॉर्म काढले, आणि सफाईवाल्या मावशींकडे जाऊन टोकाच्या खोलीची किल्ली मागितली.

"काय ठेवलंय तिथे, बाई?" मावशींनी फडकं पिळता पिळता विचारलं. "तीनदा फिनेल ओतलं मी. रंगवाला दोनदा ओकला. खाट आहे नुसती, लोखंडाची. गादी तर मीच जाळली मागच्या बाजूला."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"नाकाला काहीतरी बांधा तरी."

"नको," फॉर्मबाई म्हणाली, आणि खिशातला रुमालही मावशींच्या बादलीवर ठेवून गेली.

कॉरिडॉरमध्ये लख्ख ऊन होतं. कुठेतरी रेडिओ वाजत होता, कुणाचा तरी चहाचा कप पडून फुटला आणि हशा झाला. तिने कुलूप काढलं. दार उघडल्यावर आधी फक्त नव्या रंगाचा वास आला, आणि ती एक पाऊल आत गेल्यावर त्या रंगाखालून दुसरा वास वर आला, सावकाश, ओळख पटवत.

खाटेवर गादी होती. पांढरी चादर नीट खोचलेली, आणि उशी.

तिने ते पाहिलं, आणि त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं. खुर्ची ओढून ती खाटेला गुडघे टेकतील इतकी जवळ बसली. पाटी मांडीवर घेतली. दार आपणहून लोटलं गेलं आणि रेडिओ ऐकू येईनासा झाला.

"मी... मी फॉर्मसाठी आलेय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "उशीर झाला. दुखणं किती? दहापैकी."

बराच वेळ काही नाही. मग चादरीवर एक खळगी पडली. बोटाच्या टोकाएवढी, वरून कुणी दाबावं तशी. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशी, ती बिस्कीट खात होती तेव्हा हेच हात असेच उघडत असतील, एकेक बोट, कुणीतरी मोजेल म्हणून. सहा... सात... प्रत्येक खळगीच्या तळाशी ओल उमटत होती, पिवळसर. आठ. नऊ. शेवटची खळगी पडायला इतका वेळ लागला की फॉर्मबाईने नकळत श्वास रोखून धरला.

"दहा," ती म्हणाली. "लिहिलं."

चादर सपाट झाली. तिने गोल केला आणि मुद्दाम वरची फट जुळवली. मग थकवा विचारला. मग मळमळ. प्रत्येक ओळीला ती बोटं पहिल्यापासून उघडायची आणि फॉर्मबाई पहिल्यापासून मोजायची. घाई केली नाही. वास आता खोलीत उरला नव्हता, तिच्या तोंडात आला होता, जिभेवर, दातांच्या मुळाशी. दोनदा पोटातलं वर आलं आणि दोनदा तिने ते गिळून परत खाली ढकललं. त्या गिळण्याची किळस आली, ती किळससुद्धा गिळली.

नऊ ओळी झाल्या. "आणि... इतर काही त्रास?"

या वेळी खळगी पडली नाही. उशीवरचा खोलगट भाग हळूच भरून आला, डोकं उचलल्यावर येतो तसा. खाटेची स्प्रिंग कुरकुरली. काहीतरी उठून बसत होतं, तिच्याकडे झुकत होतं. दिसत काहीच नव्हतं. फक्त वास दाट होत गेला, आणि कानाशी ओल्या फटीतून हवा जातानाचा आवाज यायला लागला. फुस्स्... फुस्स्...

पळावं असं तिच्या अंगातल्या हाडान् हाडाला वाटत होतं. तिने खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि ताईच्या दातांतली उशी डोळ्यांपुढे आणली. ती हलली नाही.

मग तिच्या गालाला गाल लागला.

गार. चिकट. कडांना खरखरीत आणि मध्ये काहीच नाही, नुसती पोकळी, आणि त्या पोकळीत दात. ते सगळं तिच्या गालावर विसावलं, लहान मूल दमून विसावतं तसं, पूर्ण भाराने. त्यातून झिरपलेलं तिच्या जबड्यावरून मानेत आणि मानेतून कुर्त्याच्या गळ्यात उतरत गेलं. फॉर्मबाईला ओकारी आली, ती तिने दात आवळून आत दाबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती रडत होती की नुसती घाणीने डोळ्यांत पाणी आलं होतं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

किती वेळ गेला कोण जाणे. ती बोलली तेव्हा ओठ त्या ओलीला लागत होते.

"लिहिते," ती म्हणाली. "जवळ कुणी बसत नाही... असं लिहिते. चालेल?"

भार हलका झाला. वास एकदम ओसरला. तिने डोळे उघडले तेव्हा पुढे लोखंडाची उघडी खाट होती, गंजलेल्या पट्ट्यांची, आणि मांडीवर फॉर्म, नऊही ओळींत दहाला गोल केलेला. तिने मोकळ्या जागेत कबूल केलेलं वाक्य लिहिलं, पान उलटून आकृतीच्या गालावर ठळक फुली मारली, आणि तो कागद नंतर त्या बाईच्या जुन्या फाइलीत, खोट्या फॉर्मांच्या वर लावून टाकला. बाथरूममध्ये तिने गाल धुतला. धुण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

मग ती ताईकडे गेली. ताईला बोलायचंही त्राण नव्हतं, तिने फक्त दहावर बोट ठेवलं. अकराला डॉक्टरांनी फॉर्म पाहिला आणि खुर्चीतून अर्धवट उठले.

"दोनवरून एकदम दहा? अहो, मला फोन तरी करायचा!"

फॉर्मबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. दहा होते. दहाच होते. डॉक्टरांनी स्वतः इंजेक्शन दिलं, डोस दुपटीने वाढवला, न दुखलं तरी द्यायच्या वेळा लिहून दिल्या. अर्ध्या तासात ताईची मूठ सुटली. कपाळावरची आठी गेली. ती झोपली ती संध्याकाळपर्यंत, तोंड थोडं उघडं ठेवून, लहानपणी फॉर्मबाई झोपायची तशी. फॉर्मबाई तिच्या पायाशी बसून राहिली आणि तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उठून बसली होती. उशीला टेकून, स्वतःच्या पाठीच्या जोरावर. रात्रपाळीच्या नर्सने तिचे केस विंचरले होते. तिने चार चमचे सूप घेतलं आणि पाचवाही मागितला. फॉर्मबाई पाटी घेऊन आली आणि खाटेच्या कडेला बसली, दोघींचे गुडघे लागतील इतकी जवळ.

"हं, रडूबाई. दुखणं?"

"एक," ताई म्हणाली. "खरंच. एकसुद्धा नाही. अर्धा असतो का तुमच्याकडे?"

"अर्ध्याचा गोल मला जमत नाही. थकवा?"

"तीन."

मळमळीला ताईने जरा विचार केला आणि "चार" म्हणाली. फॉर्मबाईने लिहिलं. भूक बरी होती, धाप नव्हती, उदासी नव्हती, धास्ती तर अजिबात नव्हती. फॉर्मबाईला इतकं भरून आलं की तिने ताईचा हात घेऊन आपल्या गालाला लावला. ताईने तो हात हळूच सोडवून चादरीवर ठेवला.

"आणि इतर काही त्रास?"

"नाही गं. काही नाही."

"ताई. तुझं तोंड मला कळतं. काय ते सांग."

"काही नाही म्हटलं ना."

"सांग. जे आहे ते लिहायचं असतं. मी तसंच्या तसं लिहिणार."

ताईने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि एक हात तिने तोंडापाशी नेला होता, खोकला आल्यासारखा.

"रागावणार नाहीस?"

"वेडी आहेस का?"

"तू..." ताई थांबली. अख्ख्या जन्मात तिने कुणाला असं काही म्हटलं नव्हतं, आणि आताही शब्द तिला सुचत नव्हते. "तू जरा लांब बसशील, छोटे?"

फॉर्मबाईने आपली बाही नाकाशी नेली. मग हात, मग बोटं. साबणाचा वास होता, आणि थोडा शाईचा. दुसरं काहीच नाही. ती उठून खुर्चीवर बसली आणि खुर्ची हातभर मागे ओढली.

"इथे?"

ताईने डोळे घट्ट मिटले होते. मान नकारार्थी हलवली.

"अजून थोडी," ती म्हणाली.